आत्याच्या देवघरातला सहावा पेला

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी आतेबहिणीचा फोन आला. "दादा, बाबांचा रशियाचा डबा काढलाय. सराफाकडून वजन करून आणलंय, आता मोडीत घालायचं ठरतंय. त्याआधी एकदा बघून जा ना." मी बरीच वर्षं रशियन चांदीची आणि काचेची जुनी पेयपात्रं गोळा करतो, हे नात्यात सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच दिवशी संध्याकाळी दहापट मोठं दाखवणारं भिंग, मऊ सुती कापड आणि वही घेऊन तिच्याकडे गेलो. एका डब्याच्या निमित्ताने या वस्तू कशा वाचायच्या हे मांडता येईल, म्हणून ते प्रकरण इथे सविस्तर लिहितोय.

काका, म्हणजे आत्याचे यजमान, पवईच्या आयआयटीत शिकवायचे. ही संस्था १९५८ साली युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीतून उभी राहिली. यंत्रं तिकडून आली, तज्ज्ञ तिकडून आले आणि इथले तरुण अध्यापक प्रशिक्षणाला तिकडे गेले. काका १९६४-६५ चा हिवाळा लेनिनग्राडला होते. येताना त्यांनी हा डबा आणला. घरात कोणी दारूला शिवत नव्हतं, त्यामुळे डबा माळ्यावर गेला आणि वर्षानुवर्षं तिथेच राहिला.

डब्यात काय होतं ते आधी सांगतो. निळ्या मखमलीचं अस्तर असलेली एक पेटी, तिच्यात पेल्यांसाठी सहा खोबणी, पैकी पाच भरलेल्या आणि एक रिकामी. चहाचा ग्लास धरायची कडीवाली एक जाळीदार बैठक. वर्तमानपत्रात गुंडाळलेले लाल काचेचे दोन उंच पेले. शिवाय वेगळ्या थैलीत, सगळ्यात जपून ठेवलेला, रंगीत मीनाकाम केलेला एक देखणा चांदीचा पेला. हा मात्र लेनिनग्राडहून आलेला नव्हता. निवृत्तीनंतर काकांनी मुंबईतल्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडून तो विकत घेतला होता. "झारच्या काळचा, फाबर्जेचा आहे," असं त्याने सांगितलं होतं (फाबर्जे म्हणजे झारच्या राजघराण्यासाठी मौल्यवान वस्तू घडवणारी नामांकित रशियन पेढी) आणि काकांनी पेन्शनमधली बरीच रक्कम त्यात घातली होती.

बहीणभावांचा बेत असा: फाबर्जेचा पेला परदेशातल्या लिलावात पाठवायचा, त्यातून मोठी रक्कम उभी करायची, बाकीची चांदी मोडायची, काच आणि कागद टाकून द्यायचे. सराफाने पाच लहान पेल्यांचं वजन १७९ ग्रॅम भरवलं होतं आणि चिठ्ठीवर "टंच ८७, घट धरून" असं लिहून दिलं होतं. "चांदीसुद्धा शुद्ध नाही म्हणतायत," बहीण जरा खट्टू होऊन म्हणाली.

मी त्या ८७ पासूनच सुरुवात केली, कारण ती भेसळ नव्हतीच.

झारच्या रशियात चांदीचा कस झोलोत्निकमध्ये मोजत. एका रशियन फुंटात, म्हणजे साधारण ४०९ ग्रॅममध्ये, ९६ झोलोत्निक. पूर्ण शुद्ध चांदी म्हणजे ९६. वस्तूवर ८४ चा ठसा असेल तर ९६ पैकी ८४ भाग चांदी आणि बाकी मुख्यतः तांबं. आता ८४ ला ९६ ने भागा: ०.८७५. क्रांतीनंतर १९२७ साली सोव्हिएत सरकारने मेट्रिक पद्धतीचे ठसे आणले, तेव्हा हाच कस हजारात मोजून ८७५ झाला. आकडा बदलला, चांदी तीच राहिली. म्हणजे सराफाच्या काट्यावर जे "८७ टंच" म्हणून उणं पडलं, ते रशियन चांदीचं सर्वांत रुळलेलं प्रमाण होतं. वरच्या कसाचेही ठसे तिकडे आहेत, ८८ आणि ९१ चे. पण बाजारात दहा वस्तू पाहिल्यात तर बहुतेकांवर ८४ किंवा ८७५ च दिसेल. नव्या संग्राहकाला मी पहिल्यांदा हाच भागाकार करायला लावतो. एकदा तो हाताने केला की विसरत नाही.

पाचही पेल्यांच्या बुडाशी तोच ८७५, आणि शेजारी पंचकोनी तारा, ताऱ्याच्या पोटात कोयता-हातोडा. हा तारा १९५८ पासूनचा. त्याआधी, १९२७ पासून, त्या जागी हातोडा घेतलेल्या कामगाराचं डोकं असायचं. म्हणजे पेले १९५८ नंतरचे आणि काकांच्या १९६५ च्या परतीआधीचे. एका ठशाने आणि एका घरगुती तारखेने काळ सात-आठ वर्षांच्या पट्ट्यात आला. हे "अँटिक" नव्हेत, हे मी बहिणीला स्पष्ट सांगितलं. पण त्यांच्यावरचं काम फार जुन्या घराण्याचं आहे.

एक पेला खिडकीशी नेला. उंची माझ्या अंगठ्याएवढी, आपल्या फुलपात्राच्या निम्माही नाही. रशियन भाषेत याला स्तोप्का म्हणतात. त्याचा थोरला भाऊ चार्का. चार्का हे जुन्या रशियात मापाचंही नाव होतं: बादलीचा शंभरावा भाग, साधारण १२३ मिलीलिटर. या पेल्याच्या बाहेरच्या अंगावर नदी, काठावर घुमटांचं गाव, एक शिडाचं जहाज. रेषा मखमली काळ्या. बोट फिरवलं तर कुठेही उंचवटा लागत नाही, कारण ही काळी रेष वर काढलेली नाही, चांदीत भरलेली आहे. आधी चित्र कोरायचं. मग चांदी, तांबं, शिसं आणि गंधक वितळवून केलेली काळी भुकटी त्या चरांत भरायची. भट्टीत घालून वितळवायची. आणि शेवटी वरचा जादा थर कानशीने आणि घोटून काढत जायचं, जोवर चराबाहेर फक्त पांढरी चांदी राहत नाही. या कामाला तिकडे चेर्न म्हणतात.

उत्तर रशियातलं वेलीकी उस्त्यूग हे गाव या कामासाठी अठराव्या शतकापासून प्रसिद्ध. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही विद्या जवळजवळ लोपली होती. मिखाईल चिर्कोव नावाच्या एका वृद्ध कारागिराकडे ती उरली होती. त्याने ती पुढच्या पिढीला शिकवली आणि १९३३ साली तिथे 'सेवेर्नाया चेर्न', म्हणजे उत्तरेची चेर्न, ही कारागिरांची सहकारी संस्था उभी राहिली. पुढे तिचाच कारखाना झाला. नदी, घुमट आणि जहाज हा त्या गावचा आवडता विषय. हे ऐकून बहिणीने पेला हातातून खाली ठेवला नाही.

"पण सहावा कुठे?" मी विचारलं.

ती उठून देवघरात गेली आणि तीर्थाचं भांडं घेऊन आली. लहानपणापासून मी आत्याच्या हातून त्याच भांड्यातलं तीर्थ घेतलं होतं आणि मला कधी कळलं नाही! आत्याला दारूचे पेले घरात नकोसे होते, पण चांदी वाया घालवणंही तिच्या स्वभावात नव्हतं. तिने त्यातला एक धुऊन, गोमूत्र शिंपडून, देवापुढे ठेवला. जवळजवळ पन्नास वर्षं तो रोज चिंचेने आणि बारीक रांगोळीने घासला गेला.

सहावा पेला आणि पाचातला एक असे शेजारी ठेवले. पाचांच्या आतून सोन्याचा मुलामा अजून पिवळाधमक होता. तो शोभेसाठी कमी आणि पेयाने चांदी खराब होऊ नये म्हणून जास्त. सहाव्याच्या आत मुलामा फक्त तळाच्या कोपऱ्यात, जिथे बोट पोचत नाही तिथे, एका बारीक कड्यासारखा उरला होता. बाहेर जहाज होतं, पण शीड गेलं होतं. घुमटांचं गाव धुक्यात असावं तसं. बुडाचा तारा मात्र शाबूत, कारण बुड कोण घासतं?

चेर्न असलेल्या चांदीचा सर्वांत मोठा शत्रू घासणं, आणि त्याहून मोठा शत्रू म्हणजे बाजारात मिळणारं चांदी बुडवायचं द्रावण. चांदीवर चढणारा काळेपणा म्हणजे चांदी आणि गंधकाचं संयुग; द्रावण तेच विरघळवतं. पण चेर्नसुद्धा मुळात गंधकाचीच संयुगं आहेत. डाग कुठला आणि नक्षी कुठली हे त्या द्रावणाला कळत नाही. असे धुऊन निघालेले पेले मी पाहिले आहेत, आणि दर वेळी जीव हळहळतो. आत्याच्या चिंचेने पन्नास वर्षांत जे केलं, ते एखादी बाटली एका दुपारी करू शकते.

चहाच्या बैठकीवर फार वेळ लागला नाही. तिला पोद्स्ताकान्निक म्हणतात. रशियन रेल्वेत आजही चहा अशाच बैठकीत बसवलेल्या काचेच्या ग्लासात मिळतो. भावाला ती चांदीची वाटत होती. बुडावर तीन अक्षरं होती, ती त्याने रोमन लिपी समजून "एम, एच आणि शेपटीवाला यू" अशी वाचली आणि परदेशी चांदीचं चिन्ह ठरवून टाकलं. ती रशियन लिपीतली म, न आणि त्स ही अक्षरं. मेद, निकेल, त्सिंक. म्हणजे तांबं, निकेल, जस्त. त्यात चांदी नाही. रशियन वस्तू घेणाऱ्यांनी तिथली तेहेतीस अक्षरं एका रविवारात शिकून घ्यावीत. त्याने जेवढे पैसे वाचतात तेवढे कुठल्याच पुस्तकाने वाचत नाहीत.

लाल काचेचे पेले सुंदर होते, पण काच चांदीसारखी बोलत नाही. तिच्यावर सरकारी ठसा नसतो. सोव्हिएत काळातल्या काचेवर बहुधा कागदाची चिकटपट्टी असायची, ती पहिल्याच धुण्यात जाते. मग कड बघायची. पेल्याची कड आडवी धरून भिंगातून पाहिलं तर लाल रंग बाहेरच्या पातळ थरात दिसत होता, आतली काच पाण्यासारखी स्वच्छ. म्हणजे पारदर्शक काचेवर रंगीत काचेचा थर चढवून, मग तो चाकावर कापून नक्षी काढलेली. कापाच्या कडा धारदार होत्या, ओतीव काचेत असतात तशा गोळमट नव्हत्या. व्लादिमीर प्रांतातलं गूस-ख्रुस्ताल्नी हे गाव अशा कामाचं माहेरघर. तिथला कारखाना अकीम माल्त्सोव्हने १७५६ साली काढला आणि गावाच्या नावातच पुढे स्फटिक आलं. हे दोन पेले त्याच धाटणीचे, सोव्हिएत काळातले.

इथे मला सर्वांत मोलाची गोष्ट सापडली ती पेल्यांत नाही, त्यांच्या भोवती. गुंडाळलेला कागद 'लेनिनग्रादस्काया प्रावदा' या दैनिकाचा होता, आणि वरच्या कोपऱ्यात १९६५ सालची तारीख. तोच कागद दुसऱ्या दिवशी रद्दीत जाणार होता. हे पेले कधी आणि कुठून निघाले याचा त्याच्याइतका चांगला पुरावा दुसरा नव्हता. मी तो तिथेच सपाट करून दोन पुठ्ठ्यांत ठेवला.

आता फाबर्जे.

खरं सांगतो, मखमली थैली उघडताना माझेही हात थरथरले. काम वाईट नव्हतं. निळ्या, पांढऱ्या आणि तांबड्या मीनाकामाची वेलबुट्टी, तारेच्या कडा, वजनही हाताला बरं वाटणारं. मी तो पालथा केला आणि बुडाचे ठसे एकेक करून वहीत उतरवले.

पहिला: दोन तोंडांचा गरुड, खाली रशियन लिपीत 'क. फाबर्जे'. दुसरा: 'एम. पी.' ही आद्याक्षरं. तिसरा: ८४. चौथा: कोकोश्निक, म्हणजे रशियन पारंपरिक शिरोभूषण घातलेल्या स्त्रीचं डोकं, उजवीकडे पाहणारं, सोबत ग्रीक डेल्टा.

प्रत्येक ठसा सुटा पाहिला तर बरोबर. चारही एकत्र आले की एकमेकांना खोटं पाडतात. फाबर्जेच्या मॉस्को शाखेत गरुडाखाली पूर्ण 'क. फाबर्जे' असा ठसा मारत. सेंट पीटर्सबर्गमध्ये नावासोबत ज्याच्या कार्यशाळेत वस्तू घडली त्या कारागिराची आद्याक्षरं असत. 'एम. पी.' म्हणजे मिखाईल पेर्खिन, सेंट पीटर्सबर्गचा, झारच्या घराण्यासाठीची अनेक रत्नजडित ईस्टर अंडी ज्याच्या कार्यशाळेत घडली तो. त्याची अक्षरं मॉस्कोच्या ठशाशेजारी कशाला येतील? आणि डेल्टा हे मॉस्कोच्या कस-तपासणी कचेरीचं अक्षर, सेंट पीटर्सबर्गचं अल्फा. त्याहून पक्की गोष्ट तारखेची. कोकोश्निकचं डोकं १८९९ ते १९०८ पर्यंत डावीकडे पाहायचं आणि सोबत तपासनिसाची आद्याक्षरं असायची. उजवीकडे वळलेलं डोकं आणि ग्रीक अक्षर ही १९०८ पासूनची पद्धत. पेर्खिन १९०३ साली वारला. मेलेल्या माणसाने पाच वर्षांनी, दुसऱ्या शहरात, पेला घडवला असं हे बूड म्हणत होतं.

पुढचं सगळं याला दुजोरा देणारं. खरा ठसा पोलादी छापाने ठोकलेला असतो. धातू आजूबाजूला किंचित सरकलेला दिसतो, अक्षरांचे कोपरे टोकदार असतात. इथे खळगे मऊ होते, अक्षरांच्या पोटात बारीक पुटकुळ्या होत्या. वस्तूसोबत साच्यातूनच ओतलेल्या ठशांची ती खूण. मीनाकामाखालच्या भागांत झीज अजिबात नव्हती, बूडही कुठल्या टेबलावर सरकलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी शंकेला जागा नको म्हणून एका तपासणी केंद्रात एक्सआरएफ यंत्राखाली, म्हणजे क्ष-किरणांनी धातूचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्राखाली, मुलामा नसलेली जागा धरली. आकडा ९२.५ च्या आसपास आला. ८४ चा ठसा आणि आजच्या बाजारातली स्टर्लिंग, म्हणजे ९२.५ टक्के कसाची चांदी.

बहीण गप्प झाली. तिला वडिलांच्या पेन्शनचं वाईट वाटत होतं, आणि मलाही. काका हुशार इंजिनिअर होते, पण त्यांना विकलं गेलं ते एक नाव. फाबर्जेचं नाव गेली शंभर वर्षं याच कामासाठी वापरलं जातंय. कुठल्याही वस्तूवर गरुड आणि ते नाव दिसलं की मी आधी हात मागे घेतो आणि मग भिंग काढतो.

भावाने विचारलं, "परदेशात पाठवून पाहायला काय हरकत आहे? त्यांना कळलं तर कळलं." हरकत दोन्हीकडून होती. खोटी वस्तू खरी म्हणून विकणं ही फसवणूक, ती आपल्यासोबत झाली म्हणून आपण पुढे करायची नाही. आणि समजा ती खरी असती, तर १०० वर्षांहून जुनी ठरली असती. मग १९७२ च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्यानुसार ती खासगीरीत्या देशाबाहेर पाठवताच आली नसती, मग ती मुळात कुठल्याही देशात घडलेली असो. हे अनेकांना माहीत नसतं.

राहिला मोडीचा प्रश्न. तेव्हा मी त्यांना रशियातल्याच दोन गोष्टी सांगितल्या, कारण चांदीचे पेले वजनावर जाण्याचं दुःख त्या देशाने फार मोठ्या प्रमाणावर भोगलंय. १९३१ ते १९३६ या काळात सोव्हिएत सरकारची तोर्गसिन नावाची दुकानं सामान्य लोकांकडून सोनं-चांदी घेऊन बदल्यात धान्य, पीठ, साखर देत. १९३२-३३ च्या दुष्काळात लोकांनी घरातले चमचे, पेले, लग्नात आलेल्या वाट्या तिथे दिल्या. काट्यावर फक्त ग्रॅम दिसत होते. कोणी घडवलं, कुणाच्या लग्नात आलं, याला काटा नव्हता. पोटासाठी दिलं त्यांना कोण नावं ठेवील. पण त्यातली बहुतेक चांदी वितळली.

दुसरी गोष्ट त्यानंतर लगेचची. १९३७-३८ मध्ये अमेरिकेचे राजदूत जोसेफ डेव्हिस मॉस्कोत होते. त्यांच्या पत्नी मार्जोरी मेरीवेदर पोस्ट यांना तिथल्या सरकारी दुकानांत चर्चमधून जप्त केलेली चांदीची पूजापात्रं वजनावर विकायला ठेवलेली दिसली. त्यांनी ती घेतली, आणि तिथून पुढे आयुष्यभर रशियन चांदी, काच, चिनी माती जमवत राहिल्या. आज ते सगळं वॉशिंग्टनच्या हिलवुड संग्रहालयात आहे. ग्रॅमवर विकलेली तीच पात्रं आज काचेच्या कपाटात आहेत आणि लोक तिकीट काढून ती बघतात. माझ्या मते सराफाचा काटा खोटं बोलत नाही, त्याला तेवढंच दिसतं. त्याच्या चिठ्ठीवरून निर्णय घेऊ नये, इतकंच मला म्हणायचं होतं.

तुमचे पेले म्हणजे हिलवुडचे नव्हेत, हेही सांगितलं. या काळातली चेर्नची स्तोप्का संग्राहकांत नवलाची नाही, भरपूर घडल्या आणि भरपूर टिकल्या. पण पूर्ण सहाचा संच, मूळ पेटीत, कुणी कधी आणला याच्या कागदासह, हा चांदीच्या भावापेक्षा निश्चित जास्त मोलाचा. पाच पेले मोडून १७९ ग्रॅममधली घट सोसायची, की सहा एकत्र ठेवायचे, हा प्रश्न मग कुणी पुन्हा काढला नाही.

पुढे काय झालं ते थोडक्यात. पाच पेले पेटीत, प्रत्येक मऊ कागदात वेगळा, आणि पेटी कोरड्या कपाटात. मखमलीच्या खाली मी एक चिठ्ठी ठेवली आहे: काकांचं नाव, १९६४-६५, लेनिनग्राड, ठशांची चित्रं, आणि "घासू नये, द्रावणात बुडवू नये" हे ठळक अक्षरात. लाल काचेचे पेले बहिणीने दिवाणखान्यात मांडले, तारखेचा कागद त्यांच्यामागे फ्रेम करून. चहाची बैठक भावाकडे गेली. तो त्यात रोज चहा पितो, आणि ती त्यासाठीच घडवलेली आहे.

मीनाकामाचा पेला त्यांनी मला दिला. नव्या मुलांना ठसे शिकवताना मी तो वापरतो: आधी खऱ्या वस्तू, शेवटी हा. त्याच्या बुडाला मी "नक्कल" असं बारीक कोरून घेतलं आहे, म्हणजे माझ्यानंतर तो कुणाच्या पेन्शनवर पुन्हा चढणार नाही.

सहाव्याबद्दल मी बहिणीला आधी म्हटलं होतं की तोही पेटीत ठेव, संच पूर्ण होईल. मुलामा पुन्हा चढवून घ्यायचा का, असं तिने विचारलं, तेव्हा मी नको म्हटलं. ती जराशी थांबली आणि म्हणाली, "दादा, मग तो देवापाशीच राहू दे. रोज हाताने धुईन, नुसत्या पाण्याने, आणि लगेच पुसून ठेवीन." पेटीतली सहावी खोबण रिकामीच आहे. चिठ्ठीवर मी तिथे लिहिलं: "सहावा देवघरात."